शिंदे, बायजाबाई

शिंदे, बायजाबाई : (१७८४–१८६३). ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंदे यांची पत्नी, १८२७ ते १८३३ या काळातील ग्वाल्हेर संस्थानची कारभारीण आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील उत्तर हिंदुस्थानातील एक मातबर सावकारीण. पेढ्यांचा व्यवहार स्वतःच्या नजरेखाली चालविणारी, त्या व्यवहाराच्या बळावर राज्याची आर्थिक घडी सावरू पाहणारी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वाढत्या वर्चस्वाला दरबारातून विरोध करणारी स्त्री म्हणून मराठ्यांच्या उत्तरकालीन इतिहासात तिचे स्थान विशेष आहे. सत्ता गेल्यावर सुमारे एक तप तिला परागंदा अवस्थेत काढावे लागले. त्यातील काही वर्षे तिने गोदातीरी नाशिक येथे व्यतीत केली.

माहेर व विवाह : बायजाबाईचा जन्म कोल्हापूरनजीकच्या कागल येथे झाला. तिचे वडील सखाराम घाटगे हे कागलच्या देशमुख घराण्यातील असून सर्जेराव या किताबाने ते इतिहासात ओळखले जातात. आईचे नाव सुंदराबाई. बालपणीच तिने घोडेस्वारी आणि तलवार व भाला चालविण्याचे शिक्षण घेतले. घोडदौडीची आवड तिला वार्धक्यापर्यंत होती.

सर्जेराव घाटगे यांनी पेशव्यांच्या राजधानीत दौलतराव शिंद्यांचा विश्वास संपादन केला. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वारल्यानंतर दौलतराव गादीवर आला, तेव्हा तो अवघा चौदा-पंधरा वर्षांचा होता. फेब्रुवारी १७९८ मध्ये पुणे येथे त्याचा बायजाबाईशी विवाह झाला. त्यानंतर सर्जेरावाकडे शिंद्यांच्या दौलतीची दिवाणगिरी आली. फौजेचा थकलेला पगार भागविण्यासाठी त्याने पुण्यातील धनिकांकडून जुलूम-जबरदस्तीने जो पैसा वसूल केला, त्याची दुष्कीर्ती दीर्घकाळ टिकली. त्याच सुमारास महादजीच्या विधवा स्त्रियांनी आपल्या हक्कांसाठी दौलतरावाविरुद्ध उठाव केला. हा संघर्ष ‘बायांचे बंड’ या नावाने प्रसिद्ध आहे. कर्तृत्ववान विधवा आणि गादीवर आलेला दत्तक यांच्यातील जो कलह बायजाबाईच्या पुढील आयुष्याला वळण देणारा ठरला, त्याचे एक रूप तिने नववधू म्हणून सासरी पाऊल टाकताच पाहिले होते.

दौलतरावाच्या कारकीर्दीतील स्थान : दौलतरावाच्या स्त्रियांमध्ये बायजाबाईचा प्रभाव सर्वांत अधिक होता. स्वारीत ती त्याच्याबरोबर असे. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात असईच्या लढाईच्या वेळीही ती शिंद्यांच्या गोटात होती, असे सांगितले जाते. या युद्धात शिंद्यांचा पराभव होऊन ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने गंगा-यमुनेच्या दुआबातील प्रदेश, दिल्ली-आग्र्यावरील सत्ता, भडोच आणि अहमदनगर ही ठाणी त्यांच्या हातून गेली. उत्पन्नाचे सर्वांत सुपीक मुलूख गेले, फौज मात्र पूर्वीइतकीच राहिली. उत्पन्न व खर्च यांतील ही तफावत हाच यापुढे शिंदेशाहीचा मुख्य प्रश्न ठरला.

नोव्हेंबर १८०५ मध्ये कंपनीने शिंद्यांशी नवा तह केला. त्याने ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत मिळाले. या तहातील दोन कलमे बायजाबाईच्या चरित्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. दौलतरावाला कंपनीकडून द्यावयाच्या नेमणुकीबरोबरच बायजाबाईस सालीना दोन लक्ष रुपये व तिची कन्या चिमणाबाई हीस एक लक्ष रुपये उत्पन्नाच्या जहागिरी उत्तर हिंदुस्थानात देण्याचे कंपनीने मान्य केले. सर्जेराव घाटगे यास मात्र शिंद्यांनी पुन्हा कारभारात घेऊ नये, असे बंधन घालण्यात आले. एकाच तहाने पित्याला राजकारणातून वगळले आणि कन्येला स्वतंत्र उत्पन्न मिळवून दिले. राज्याच्या खजिन्यावर अवलंबून नसलेले हे उत्पन्न तिच्या पुढील आर्थिक व्यवहारांस आधारभूत ठरले. सर्जेराव १८०९ मध्ये मारला गेला.

त्या वर्षी शिंद्यांच्या छावणीबरोबर असलेला इंग्रज अधिकारी टॉमस ब्राउटन याने लिहिलेली पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. थकलेल्या पगारासाठी शिपायांनी सरदारांच्या दारी धरलेली धरणी, सावकारांकडे उसनवारीसाठी होणारी धावपळ आणि छावणीच्या बाजारातील चढउतार यांचे चित्र त्यांत आढळते. १८१० मध्ये शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली. तिचेच पुढे लष्कर या शहरात रूपांतर झाले. दरबारात बायजाबाईच्या माहेरची मंडळी वरचढ ठरू लागली. बंधू हिंदुराव घाटगे हा त्यांपैकी प्रमुख होय.

पेंढाऱ्यांच्या पारिपत्याच्या निमित्ताने कंपनीने १८१७ मध्ये मराठी सत्तांना एकेक करून बांधून घेण्यास प्रारंभ केला. अशा वेळी दुसऱ्या बाजीरावाचा पक्ष घ्यावा, असे बायजाबाईचे मत होते. दौलतरावाने मात्र ५ नोव्हेंबर १८१७ रोजी कंपनीशी तह करून पेंढाऱ्यांविरुद्ध साहाय्य देण्याचे मान्य केले. राजपूत संस्थानांशी थेट करार करण्याची कंपनीला असलेली आडकाठी या तहाने दूर झाली. १८१८ मध्ये अजमेरही कंपनीकडे गेले. या दोन्ही प्रसंगी बायजाबाईने पतीच्या धोरणास उघड विरोध केला. इंग्रज रेसिडेंटांच्या मनात तिच्याविषयी जो कायमचा संशय राहिला, त्याचे मूळ येथे आहे.

द्रव्यव्यवहार व पेढ्या : त्या काळातील देशी राज्यांची अर्थव्यवस्था सावकारांच्या पतीवर चालत असे. महालांचा वसूल इजाऱ्याने दिला जाई. इजारदाराने भरावयाचे हप्ते पिकांच्या हंगामावर अवलंबून असत, तर फौजेचा पगार, हत्ती-घोड्यांचा दाणावैरण आणि दरबारखर्च यांना बारमाही पैसा लागे. मधली तूट सावकार भरून काढीत. ते सरकारास आगाऊ रक्कम देत आणि तिच्या फेडीसाठी महालांवर वराता घेत. व्याजाखेरीज मनोती, निरनिराळ्या नाण्यांच्या अदलाबदलीवरील बट्टा आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पैसा पाठविण्याची हुंडणावळ ही त्यांच्या नफ्याची साधने होत. परिणामी वसुलाचा मोठा भाग खजिन्यात येण्यापूर्वीच पेढ्यांकडे वळता होई. ज्याच्या हाती पेढी, त्याचा शब्द दरबारात चाले.

शिंद्यांच्या दरबारी हे स्थान प्रथम गोकुळदास पारख या गुजराती खजिनदाराकडे होते. मथुरेचे द्वारकाधीश मंदिर त्याने बांधविले. त्याचा वारस मणिराम याच्या पेढीतून पुढे मथुरेच्या प्रसिद्ध सेठ घराण्याचा उदय झाला. अशा बाहेरच्या सावकारांवरील राज्याचे अवलंबित्व कमी करावयाचे, तर राज्यकर्त्याची स्वतःची पेढी असावी, हे बायजाबाईने ओळखले. आपल्या जहागिरीच्या उत्पन्नातून तिने व्याजबट्ट्याचा व्यवहार वाढविला. उज्जैन येथील ‘नाथजी किशनदास’ व ‘नाथजी भगवानदास’ या तिच्या दोन पेढ्या होत्या. प्रत्यक्ष देवघेव मुनीम व गुमास्ते पाहत. व्यवहारावर मात्र तिची स्वतःची देखरेख असे.

या पेढ्यांसाठी उज्जैनची निवड व्यापारी दृष्ट्या अर्थपूर्ण होती. माळव्यातील अफूच्या व्यापाराचे हे एक प्रमुख केंद्र होते. शेतकऱ्याला पेरणीपूर्वी दिलेली तगाई, चीक गोळा झाल्यावर होणारी खरेदी, माल बंदरापर्यंत पोहोचविण्याचा खर्च आणि विमा या प्रत्येक टप्प्यावर सावकारी भांडवल लागे. बंगालमध्ये अफूची मक्तेदारी असलेल्या कंपनीस माळव्याची अफू हा मोठा प्रतिस्पर्धी वाटे. म्हणून १८१८ नंतर तिने माळवा व राजपुतान्यातील अनेक संस्थानिकांशी करार करून अफूची लागवड व वाहतूक यांवर निर्बंध घातले. शिंद्यांच्या दरबाराने अशा करारात स्वतःस गुंतवून घेण्याचे नाकारले. त्यामुळे माळव्याचा माल राजपुतान्यातील पाली आणि सिंधमधील कराची या मार्गाने पोर्तुगीजांच्या दमण बंदरास जात राहिला. अखेर कंपनीला हे निर्बंध सोडून द्यावे लागले. १८३१ पासून मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर १७५ रुपये परवाना-शुल्क घेण्याची पद्धत तिने सुरू केली व १८३५ मध्ये हा दर १२५ रुपयांवर आणला. देशी व्यापारी व देशी दरबार यांच्या एकजुटीपुढे कंपनीस माघार घ्यावी लागल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे. तथापि या व्यापाराचा अंतिम भार चीनमधील व्यसनाधीन जनतेवर पडत होता, हेही विसरता येत नाही.

कारभार (१८२७–३३) : दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी निपुत्रिक वारला. आपल्या पश्चात बायजाबाईने राज्य चालवावे, अशी इच्छा त्याने मृत्यूपूर्वी रेसिडेंट मेजर स्टुअर्ट याच्याजवळ व्यक्त केली होती. त्याच्या हयातीत दत्तकविधान झाले नव्हते. म्हणून बायजाबाईने शिंदे कुळातील मुकुटराव या अकरा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. जून १८२७ मध्ये जनकोजीराव या नावाने त्याला गादीवर बसविण्यात आले. स्वतःच्या नातीशी त्याचा विवाह करून देऊन तिने हे नाते अधिक दृढ करण्याचा प्रयत्न केला.

या व्यवस्थेत आरंभापासूनच एक संदिग्धता होती. पतीच्या इच्छेनुसार राज्याचा अधिकार हयातभर आपला आहे व जनकोजी हा आपल्या पश्चातचा वारस आहे, असे बायजाबाईचे म्हणणे होते. उलट, गादीवर बसलेला जनकोजी हाच धनी असून बाईचा अधिकार तो वयात येईपर्यंतचाच आहे, असे दुसऱ्या पक्षास वाटे. कंपनी सरकारने या दोहोंपैकी कोणताही अर्थ निःसंदिग्धपणे मान्य अथवा अमान्य केला नाही. प्रश्न अनिर्णित ठेवण्यात त्याचा लाभ होता.

बायजाबाई पडद्याआडून दरबार चालवी. कागदपत्रे स्वतः ऐकून घेऊन ती हुकूम देई. खर्चाला आळा घालणे, इजारदारांकडील बाकी वसूल करणे आणि फौजेचे पगार नियमित करणे यांकडे तिने लक्ष पुरविले. मणिरामच्या पेढीचे दरबारातील वर्चस्व तिच्या काळात संपुष्टात आले. ग्वाल्हेर संस्थानच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील तैनाती घोडदळाचा प्रश्न तिच्यापुढे होता. या फौजेसाठी मुलूख तोडून देण्यास ती राजी नव्हती. ब्रह्मी युद्धानंतर पैशाची निकड असलेल्या कंपनीस मोठ्या रकमेचे कर्ज देऊन त्या मुद्दलाच्या व्याजातून फौजेचा खर्च भागविण्याची तोड काढण्यात आली. सावकारी रीतीने विचार करणाऱ्या कारभाऱ्यासच सुचावी, अशी ही योजना होती. तिच्यामुळे मुलूख वाचला. परंतु राज्याचे मुद्दल मात्र कंपनीच्या हाती जाऊन पडले.

तिच्या कारभारात उणिवाही होत्या. राज्याचा खजिना आणि स्वतःची पेढी यांतील सीमारेषा तिने स्पष्ट ठेवली नाही. दौलतीस कर्ज देणारी सावकारीण व ते कर्ज मंजूर करणारी कारभारीण एकच असल्याने सरकारी पैसा खाजगी पेढीत जिरतो, असा आक्षेप विरोधकांना सहज घेता आला. माहेरच्या माणसांना दिलेल्या अधिकारपदांमुळे शिंद्यांचे जुने सरदार दुखावले. फौजेचा खर्च कमी करण्याच्या प्रयत्नांनी पलटणींत असंतोष वाढला. जनकोजी वयात येऊ लागला, तरी त्याला राज्यकारभाराचे शिक्षण अथवा अधिकाराचा अंश देण्यास ती तयार झाली नाही. या असंतुष्टांना तो आयताच पुढारी लाभला.

पदच्युती : ऑक्टोबर १८३२ मध्ये जनकोजीने राजवाड्यातून निसटून रेसिडेंटचा आश्रय घेतला. डिसेंबरमध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक ग्वाल्हेरला आला. दोन्ही पक्षांनी त्याच्यापुढे आपापली बाजू मांडली. बेंटिंकने जनकोजीला धीर धरण्याचा व बाईच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश केला. बाईलाही त्याने हयातभराच्या अधिकाराचे वचन दिले नाही. अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे हे धोरण वरकरणी निःपक्षपाती होते. प्रत्यक्षात त्याने निर्णय पलटणींच्या हाती सोपविला.

१० जुलै १८३३ रोजी लष्करातील पलटणींनी जनकोजीचा पक्ष घेऊन उठाव केला. बायजाबाईने राजवाडा सोडून रेसिडेन्सीकडे धाव घेतली. रेसिडेंट कॅव्हेंडिश याने तिला तिच्या सत्तेसह संरक्षण देण्याचे नाकारले व राज्याबाहेर पडण्याचा सल्ला दिला. तिच्याशी एकनिष्ठ राहिलेली काही फौज बरोबर घेऊन ती धोलपूरमार्गे आग्र्याकडे गेली. कंपनीने जनकोजीच्या सत्तेस मान्यता दिली. सहा वर्षांच्या कारभाराचा अशा रीतीने शेवट झाला.

परागंदा जीवन : यानंतर बायजाबाईचा मुक्काम आग्र्याच्या परिसरात, फर्रुखाबादनजीक फत्तेगड येथे आणि पुढे अलाहाबाद येथे झाला. तिचा परिवार शेकडो माणसांचा असून तो तंबू-राहुट्यांत राहत असे. या काळातील तिच्या जीवनाचे वर्णन फॅनी पार्क्स या इंग्रज स्त्रीच्या १८५० मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात आढळते. पार्क्स हिने १८३५ मध्ये फत्तेगड येथे बाईची प्रथम भेट घेतली. पुढे अलाहाबादेस त्यांचा स्नेह वाढला. पिकलेले केस, प्रसन्न हास्य आणि मोकळे वागणे अशा शब्दांत तिने बाईचे चित्र रेखाटले आहे. इंग्रज स्त्रिया घोड्यावर एका बाजूस पाय टाकून बसतात, याची तेथील मराठा स्त्रियांना मौज वाटे. त्यांच्या आग्रहावरून पार्क्सने मराठी पद्धतीने घोड्यावर बसून पाहिले. दोघींच्या संभाषणात हिंदू विधवांच्या स्थितीचा विषय निघाला, तेव्हा इंग्लंडच्या कायद्याने विवाहित स्त्रीही सर्वस्वी पतीच्या अधीन असते, हे पार्क्सने मान्य केले. त्या काळी विवाहित इंग्रज स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता बाळगण्याचा अधिकार नव्हता. तिच्या पुढ्यात बसलेली मराठा विधवा मात्र स्वतःच्या पेढ्यांची धनीण होती.

परंतु ही मालमत्ताच आता वादाचा विषय झाली. काशीसारख्या ठिकाणी ठेवलेले बाईचे द्रव्य तिचे खाजगी की ग्वाल्हेर राज्याचे, हा प्रश्न निर्माण झाला. खाजगी व सरकारी हिशेबांची सरमिसळ करण्याची किंमत तिला अशा प्रकारे मोजावी लागली. वकील पाठवून व अर्ज करून तिने कंपनी सरकारकडे आपले गाऱ्हाणे सातत्याने मांडले. पतीच्या इच्छेने व कंपनीच्या संमतीने मिळालेला अधिकार पलटणींच्या दंगलीने कसा नष्ट होऊ शकतो, हा तिच्या म्हणण्याचा गाभा होता. ग्वाल्हेरच्या सीमेपासून जवळ राहून ती पुन्हा सत्ता मिळविण्याचा प्रयत्न करील, या भीतीने सरकार तिला दूर दक्षिणेत पाठवू पाहत होते. तिने त्यास शक्य तोवर दाद दिली नाही. याच वनवासात तिला आपली कन्या चिमणाबाई हिच्या मृत्यूचा आघात सोसावा लागला.

नाशिक येथील वास्तव्य : अखेर १८४० च्या सुमारास तिने नाशिकला राहण्याचे मान्य केले. ग्वाल्हेरच्या उत्पन्नातून तिला सालीना चार लक्ष रुपयांची नेमणूक मिळे. नाशिकचा गोदाकाठ हा पेशवाईतील सत्ताभ्रष्ट व वानप्रस्थ मंडळींचा जुना आश्रय होता. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई हिने उत्तरायुष्य नाशिकनजीक गंगापूर येथे घालविले. रघुनाथरावाच्या नावाशी निगडित असलेली आनंदवल्लीही येथून जवळच आहे. नदीच्या खालच्या अंगास निफाड तालुक्यात चांदोरी व तिच्या पैलतीरावरील सायखेडा ही गावे आहेत. पेशव्यांची दिल्लीतील वकिली करणाऱ्या हिंगणे घराण्याचे चांदोरी हे ठाणे होते. उत्तर हिंदुस्थानचे राजकारण आणि गोदाकाठ यांचा संबंध असा जुना होता. १८१८ मध्ये हा सर्व प्रदेश इंग्रजी अंमलाखाली आल्यामुळे येथे राहणाऱ्या बायजाबाईवर नजर ठेवणे सरकारला सोयीचे झाले. राज्यापासून दूर, पण तीर्थक्षेत्री आणि मराठी मुलखात काढलेली ही वर्षे तिच्या राजकीय जीवनातील सक्तीची विश्रांती होती.

ती नाशिक येथे असतानाच ग्वाल्हेरात उलथापालथ झाली. जनकोजीराव ७ फेब्रुवारी १८४३ रोजी निपुत्रिक वारला. त्याची अल्पवयीन विधवा ताराबाई हिने भगीरथराव यास दत्तक घेतले व त्याचे नाव जयाजीराव ठेवण्यात आले. कारभारी कोण असावा यावरून मामासाहेब व दादा खासगीवाले यांचे पक्ष पडले. लॉर्ड एलेनबरो याने या वेळी अलिप्ततेचे धोरण सोडून फौज पाठविली. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनियार अशा दोन्ही ठिकाणी ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला. जानेवारी १८४४ च्या तहाने संस्थानची फौज ९,००० पर्यंत मर्यादित झाली आणि इंग्रजांच्या हुकमतीखालील तैनाती फौज वाढविण्यात आली. ज्या पलटणींनी दहा वर्षांपूर्वी बाईस पदच्युत केले, त्यांचे बळ अशा रीतीने नष्ट झाले. ज्या तैनाती फौजेची वाढ रोखण्यासाठी तिने राज्याचे द्रव्य खर्ची घातले, तीच आता ग्वाल्हेरवर कायमची बसली.

उत्तरायुष्य : यानंतर बायजाबाईपासून भय उरले नाही, असे मानून तिला उत्तरेस परतण्याची मुभा देण्यात आली. काही काळ ती उज्जैन येथे व पुढे ग्वाल्हेर येथे राहिली. तरुण जयाजीरावाने तिला वडीलकीचा मान दिला. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे व झाशीची राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव आग्र्यास निघून गेला. बायजाबाई राजस्त्रियांसह नरवरला गेली. रावसाहेबांनी तिला परत येऊन दौलत सांभाळण्याविषयी पत्र लिहिले. पदच्युत झालेली, मराठमंडळात आदराचे स्थान असलेली ही वृद्ध राणी आपल्या बाजूस येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. तिने ते पत्र इंग्रज अधिकारी रॉबर्ट हॅमिल्टन याच्याकडे पाठवून दिले. आयुष्यभराच्या विरोधाशी हे वर्तन विसंगत वाटते. परंतु त्या वेळी ती ७४ वर्षांची होती. १८३३ व १८४३ या दोन्ही वेळी फौजेच्या बळावर उभे राहिलेले राजकारण ग्वाल्हेरला कोठे नेते, हे तिने अनुभवले होते. शिंद्यांची गादी टिकविणे हेच आता तिचे उद्दिष्ट उरले होते. १८६३ मध्ये ती ग्वाल्हेर येथे मृत्यू पावली.

धार्मिक वास्तू : काशी येथील ज्ञानवापीवरील स्तंभयुक्त मंडप तिने १८२८ मध्ये बांधविला. मणिकर्णिकेनजीकचा शिंदे घाट १८३० मध्ये तिने बांधण्यास घेतला. अवजड दगडी बांधकामाच्या भाराने तो नदीत खचला. विसाव्या शतकात त्याची पुनर्बांधणी करण्यात आली. उज्जैनच्या मध्यवस्तीतील गोपाळ मंदिरही तिनेच उभारले. या वास्तूंची ठिकाणे पाहता धर्मकार्य आणि सावकारी पत यांचा परस्परसंबंध लक्षात येतो. ज्या नगरांतील पेढ्यांशी तिचा व्यवहार होता, त्याच नगरांत तिच्या नावाची मंदिरे व घाट उभे राहिले.

मूल्यमापन : बायजाबाईविषयीचे तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांतील उल्लेख बहुतांशी प्रतिकूल आहेत. लोभी व सत्तेला चिकटून राहणारी स्त्री, असे तिचे चित्र रेसिडेंटांनी रंगविले. मराठीत दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी तिचे चरित्र लिहून हा एकांगीपणा दूर करण्याचा प्रयत्न केला. द्रव्यलोभाचा आरोप तपासताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सैन्याच्या जोरावर कंपनीशी लढण्याचे दिवस १८१८ मध्ये संपले होते. त्यानंतर देशी राज्यांस काही अंशी स्वायत्तता राखता आली, ती मुख्यतः त्यांच्या खजिन्याच्या व पतीच्या बळावर. हे ओळखणाऱ्या थोड्या राज्यकर्त्यांत बायजाबाईची गणना करावी लागते. मात्र द्रव्यबळास संस्थात्मक रूप देणे, म्हणजेच राज्याचा हिशेब व राज्यकर्त्याचा हिशेब वेगळा करणे, तिला साधले नाही. दत्तक पुत्रास विश्वासात घेणेही तिला जमले नाही. या दोन चुकांमुळे तिच्या विरोधकांना संधी मिळाली व त्या संधीचा अंतिम लाभ कंपनीस झाला.

अहिल्याबाई होळकरांप्रमाणे तिला लोकमानसात पुण्यश्लोक स्थान मिळाले नाही. लक्ष्मीबाईप्रमाणे रणांगणावरील वीरमरणही तिच्या वाट्यास आले नाही. तिचा लढा हुंड्या, वराता, व्याज आणि अर्ज यांच्या साहाय्याने लढला गेला व त्यात तिचा पराभव झाला. तरीही कंपनीची सत्ता हिंदुस्थानात तलवारीइतकीच हिशेबाच्या वह्यांतून कशी पसरली आणि तिला त्याच मार्गाने अडविण्याचा प्रयत्न एका मराठा स्त्रीने कसा केला, हे समजून घेण्यासाठी तिच्या चरित्राचा अभ्यास उपयुक्त ठरतो.